साका आणि निवळ

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात मला दोन निरोप आले. पहिला लेस्टरहून. "ताई, तीन आठवडे झाले, गव्हाची बिअर अजून गढूळच आहे. ओतून टाकू का?" दुसरा न्यू जर्सीहून, माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा. "मावशी, बाटली उघडली तर बिअर काचेसारखी नितळ. वाइसबिअर अशी दिसत नाही ना? माझं काय चुकलं?" दोघांनी एकाच जातीची बिअर केली होती, वाइसबिअर, म्हणजे बव्हेरियन गव्हाची बिअर. माल्टचे प्रमाण जवळजवळ सारखे होते, यीस्टही तेच. लेस्टरच्या गृहस्थांचा फर्मेंटर स्वयंपाकघराच्या उबेत होता आणि त्यातले यीस्ट अजून तरंगत होते. न्यू जर्सीच्या मुलाने बाटल्या दोन महिने फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्या होत्या, तेच यीस्ट तळाशी बसले होते, आणि त्याने तळ न हलवता वरची बिअर अलगद ओतून घेतली होती. दोघांचेही काही चुकले नव्हते. एकाला मी थांबायला सांगितले आणि दुसऱ्याला बाटली हलवायला.

हे पुस्तक त्या दोन निरोपांतून सुरू झाले. म्युनिकमध्ये मी 21 वर्षे राहते आहे आणि त्यातली 14 वर्षे घरी बिअर करते आहे, बहुतेक वेळा गव्हाचीच. एवढ्या काळात मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न चवीचा नाही, कडूपणाचा नाही, अल्कोहोल किती याचा तर नाहीच. तो दिसण्याचा आहे. बिअर धूसर आहे, चालेल का? धूसर नाही, चालेल का? लोक पेला उजेडासमोर धरतात आणि तिथेच निकाल देऊन मोकळे होतात. म्हणून गव्हाच्या बिअरच्या या पुस्तकाचा निम्मा भाग मी या एकाच गोष्टीला दिला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे पाककृतींचा भाग हा ज्या देशांत घरगुती बिअरला कायद्याची मान्यता आहे तिथे राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. ब्रिटनमध्ये 1963 साली घरच्या बिअरवरची परवान्याची अट गेली, अमेरिकेत 1978 च्या कायद्याने केंद्र सरकारपुरती वाट मोकळी झाली, आणि इथे जर्मनीत पूर्वी आधण ठेवण्याआधी सीमाशुल्क कार्यालयाला कळवावे लागत असे. मी दरवेळी कळवत असे. पुण्यामुंबईच्या वाचकाला करून पाहता आले नाही, तरी पिऊन पाहता येईल. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून मायक्रोब्रूअरी आपल्याकडे नवलाईच्या राहिलेल्या नाहीत, आणि त्यांच्या फळ्यावर हेफेवाइत्सन ही धूसर वाइसबिअर किंवा बेल्जियन विट बहुधा असतेच. समोर आलेला पेला असा का दिसतो, एवढे कळायला भांडीकुंडी लागत नाहीत.

लिहायला बसले तेव्हा पहिली अडचण शब्दांची आली. पाण्याची पारख करणारे शब्द मराठीत भरपूर आहेत. निवळशंख, नितळ हे एका टोकाला, गढूळ, गदळ हे दुसऱ्या. पण 'गढूळ' म्हटले की पहिल्या पावसात आलेला नदीचा लाल लोंढा डोळ्यांपुढे येतो. त्या शब्दात घाण आहे, पोट बिघडण्याची भीती आहे. ताकाला कोणी गढूळ म्हणत नाही. सोलकढीला, उसाच्या रसाला म्हणत नाही. ताक तसेच ठेवले तर वर निवळ येते आणि खाली साका बसतो, आणि आपण ते पुन्हा ढवळून पितो, कारण न ढवळलेले ताक अर्धे ताक असते. गव्हाच्या बिअरला मला हीच ताकाची भाषा वापरायची होती. म्हणून जिथे अपेक्षित आणि हवेसे धुके आहे तिथे मी 'धूसर' लिहिले आहे, जिथे काही बिघडले आहे तिथेच 'गढूळ'. तळाच्या थराला 'साका', वरच्या पाण्याला 'निवळ'. जर्मन माणसाचीही हीच ओढाताण आहे. त्याचा 'ट्र्यूब' हा शब्द आभाळ भरून आलेल्या उदास दिवसालाही चालतो, पण सफरचंदाच्या रसाच्या बाटलीवर 'नाटूरट्र्यूब', म्हणजे निसर्गतः धूसर, असे लिहिलेले असते तेव्हा तेच कौतुक असते आणि त्याचे दोन पैसे जास्तही मोजले जातात.

नितळ बिअर चांगली, हा समज फार जुना नाही. 1842 मध्ये बोहेमियातल्या पिल्सन गावात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूमास्टरने सोनेरी, पारदर्शक लागर केली. त्याच शतकात काचेचे पेले सामान्य माणसाच्या हाती आले. दगडी किंवा कथलाच्या मगात काय दिसते याची फिकीर कोणाला नव्हती, काचेत सगळे दिसू लागले. माझे मत असे की आपल्या डोळ्यांना लागलेली नितळपणाची सवय ही त्या काचेची देणगी आहे, चवीचा तिच्याशी संबंध थोडाच.

बव्हेरियातली गव्हाची बिअर त्याहून जुनी, आणि तिची कथा दरबारी हक्कांची आहे. 1516 च्या इंगोलश्टाटच्या फर्मानाने बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच ठेवले. गहू बाहेर गेला. गहू भाकरीला राहावा हा त्यामागचा एक हेतू सांगतात. पण 1548 मध्ये डेगेनबेर्ग या सरदार घराण्याला गव्हाची बिअर करण्याची खास सूट मिळाली. 1602 मध्ये त्या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक गेला आणि ड्यूक मॅक्सिमिलियन पहिला याने तो हक्क स्वतःकडे घेतला. मग जागोजागी सरकारी गव्हाच्या ब्रूअरी उभ्या राहिल्या. डॅन्यूब आणि आल्टम्यूल नद्यांच्या संगमावर केलहाइमला 1607 मध्ये सुरू झालेली ब्रूअरी आजही चालू आहे. राजघराण्याला या मक्तेदारीतून अमाप पैसा मिळाला. पुढे लोकांची आवड तपकिरी लागरकडे वळली, गव्हाची बिअर मागे पडत गेली, आणि 1872 मध्ये राजा लुडविग दुसरा याने ती करण्याचा हक्क गेओर्ग श्नायडर या ब्रूमास्टरला दिला. सरकारला नकोशी झालेली बिअर एका कुटुंबाने सांभाळली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस याच कुटुंबाने केलहाइमची ब्रूअरी घेतली, आणि 1944 च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकची जागा जमीनदोस्त झाल्यावर त्यांचे सगळे काम केलहाइमला गेले. आज मी बाजारातून सहज उचलते ती बाटली इतक्या अरुंद वाटेने आली आहे, हे मला विसरता येत नाही.

गंमत म्हणजे मधल्या काळात गव्हाची बिअर गाळून, चकचकीत नितळ करून विकण्याची चाल जोरात होती. तिचे नाव क्रिस्टालवाइत्सन. धूसर हेफेवाइत्सनने तिला मागे टाकले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे 'खरी वाइसबिअर धूसरच' हे जे इथले लोक छातीठोकपणे सांगतात, ती खात्री त्यांच्या आजोबांना असेलच असे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. धूसरपणा ही एक वस्तू नाही. पेल्यात उजेड विखुरतो म्हणून द्रव धूसर दिसतो, एवढेच आपल्याला दिसते. उजेड विखुरणारे कण कशाचे आहेत ते दिसत नाही. ते यीस्टचे असतील, प्रथिनांचे असतील, स्टार्चचे असतील, क्वचित जिवाणूंचे असतील. चौघांचा उगम वेगळा, वागणूक वेगळी, आणि उपायही वेगळा.

हे मला पुस्तकातून कळले तरी पटले ते आईमुळे. काही वर्षांपूर्वी ती उन्हाळ्यात इथे आली होती आणि बाल्कनीत ऊन पडते म्हटल्यावर तिने कुरडयांचा घाट घातला. गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदलले, वाटून चीक काढला, चोथा पिळून टाकला, गाळलेला चीक रात्रभर झाकून ठेवला. सकाळी वरचे पाणी ओतायला गेली आणि थांबली. "अगं, हे अजून निवळलं नाही. खालचा चीक बसलाय, पण पाणी बघ, पांढरंच आहे. दुपारपर्यंत राहू दे." मग माझ्या फर्मेंटरकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझंही तेच झालंय."

तेच झाले होते, आणि एका अर्थाने नव्हतेही. गव्हाच्या स्टार्चचे कण दोन आकारांचे असतात. मोठे 10 ते 35 मायक्रॉनचे, लहान 2 ते 10 मायक्रॉनचे. मोठे रात्रीत तळ गाठतात. लहान कण आणि पाण्यात सुटलेली प्रथिने मागे राहतात, ते आईचे पांढरे पाणी. कण किती वेगाने खाली जाईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी. यीस्टची पेशी साधारण 5 ते 10 मायक्रॉनची, म्हणून ती काही दिवसांत, थंडीत आणखी लवकर, खाली बसते. प्रथिनांचे जे कण बिअर धुकट करतात ते बहुतेक एका मायक्रॉनहून लहान असतात. ते महिनोन् महिने बसत नाहीत. फर्मेंटरमध्ये माझ्याकडे होते ते यीस्ट, आईच्या पातेल्यात होते ते स्टार्च. दिसायला दोन्ही सारखी होती, पण माझे आठ दिवसांत निवळले आणि तिचे दुपारीच.

प्रथिनांच्या धुक्याची गोष्ट अधिक रंजक आहे आणि तिथे मी वाचकाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे. हिरडा चघळा किंवा कच्चे आवळे खा. जीभ कोरडी पडते, आत ओढल्यासारखी होते. त्याला आपण तुरटपणा म्हणतो. हिरड्यातली टॅनिन्स, म्हणजे पॉलीफेनॉल, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो. लाळेतली ती प्रथिने प्रोलिन नावाच्या अमिनो आम्लाने भरलेली असतात. बिअर धुकट करणारी प्रथिनेही प्रोलिननेच भरलेली असतात. बार्लीत ती हॉर्डिन या गटातली, गव्हात ग्लायडिन. जिभेवर जे घडते तेच पेल्यात घडते. एका बाजूला धान्यातले प्रथिन, दुसऱ्या बाजूला बार्लीच्या टरफलातून आणि हॉप्समधून आलेले पॉलीफेनॉल. दोघांनी एकमेकांना धरले की उजेड अडवणारा कण तयार होतो.

ही पकड सुरुवातीला सैल असते. थंडीत जुळते, उबेत सुटते. कडक काळा चहा फ्रिजमध्ये ठेवला की दुधाविनाच दुधाळ होतो आणि पुन्हा गरम केला की नितळ होतो, तोच हा प्रकार. बिअरमध्ये याला चिल हेझ म्हणतात. शून्य अंशाजवळ पेला धुकट दिसतो, हातात धरून वीस अंशांवर आला की धुके विरते. असे पुन्हा पुन्हा झाले, बाटलीत प्राणवायू राहिला, महिने गेले, की पकड कायमची होते. मग ऊब देऊन काही होत नाही.

यावरून कोणालाही वाटेल की गव्हात प्रथिन जास्त, म्हणून गहू जास्त घातला की बिअर जास्त धूसर. मलाही कित्येक वर्षे तसेच वाटत होते. माल्टमध्ये गव्हाचे प्रमाण मी 50 टक्क्यांवरून 60 वर, मग 70 वर नेले. जर्मनीत वाइसबिअर म्हणवून घ्यायला निम्म्याहून कमी गहू चालत नाही, वर जायला मुभा आहे. माझी सत्तर टक्क्यांची बिअर मात्र साठच्या बिअरहून उजळ निघाली. मला वाटले मोजण्यात चूक झाली. बेल्जियममध्ये लूव्हेन विद्यापीठात फ्रेडी देल्व्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर काम केले आहे हे नंतर कळले. गहू वाढवला म्हणजे धुके वाढतेच असे नाही. कोणते माल्ट, कोणता गहू, किती प्रमाण यावर ते वाढते किंवा उलट कमी होते. प्रथिने फार झाली की गुठळ्या मोठ्या होतात, आणि मोठी गुठळी तरंगत नाही, बसते. वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, उकळताना हे डोळ्यांना दिसते. गव्हाचे वर्ट उकळी धरते तेव्हा नासलेल्या दुधासारखे तुकडे सुटतात. नवखा माणूस ते पाहून घाबरतो. त्याने घाबरू नये, ती धुक्यातून बाहेर पडलेली प्रथिने आहेत. दुसरी बाजू टॅनिनची. गव्हाला बार्लीसारखे टरफल नसते, आणि वाइसबिअरमध्ये हॉप्स अगदी बेताचे असतात. म्हणजे प्रथिन भरपूर, पण त्याला धरायला जोडीदार कमी.

मग हेफेवाइत्सन धूसर का? मोठा वाटा यीस्टचा, उरलेला प्रथिनांचा. नावातच आहे, हेफे म्हणजे यीस्ट. वाइसबिअरच्या यीस्टच्या जाती बहुतेक भुकटीसारख्या, एकमेकींना न चिकटणाऱ्या. इतर यीस्टच्या पेशी किण्वन संपत आले की कॅल्शियमच्या मदतीने एकमेकींना धरतात, घोस करतात आणि खाली जातात. या जाती एकेकट्या राहतात. म्युनिकच्या उत्तरेला फ्रायझिंगला वायहेनश्टेफान आहे. मठाची जुनी ब्रूअरी आणि ब्रूइंगचे शिक्षण देणारे विद्यापीठाचे आवार शेजारी शेजारी. तिथल्या यीस्टसंग्रहातली 68 क्रमांकाची जात आज जगभरच्या घरगुती बिअर करणाऱ्यांच्या हाती आहे, अमेरिकेत वायीस्ट 3068 या नावाने मिळते ती हीच. केळीचा वास देणारे आयसोअमिल अॅसिटेट आणि लवंगेचा वास देणारे फोर व्हायनिल ग्वायाकोल, दोन्ही ही जात करते. लवंगेसाठी लागणारे फेरुलिक आम्ल धान्याच्या पेशीभित्तिकेत अडकलेले असते. मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेले दळलेले माल्ट, 43 ते 45 अंशांवर पंधरा मिनिटे थांबवला की ते सुटते, आणि मी ते पाऊल कधी गाळत नाही.

वाइसबिअर पेल्यात ओतण्याची इथली रीत त्या यीस्टच्या सोयीची आहे. उंच पेला थंड पाण्याने विसळायचा, तिरका धरायचा, बाटली हळूहळू रिकामी करत आणायची, शेवटचा दोन बोटे द्रव ठेवायचा, बाटली गोल फिरवून साका सैल करायचा आणि तो वरून सोडायचा. न्यू जर्सीच्या मुलाला मी हेच करायला सांगितले. रात्री त्याने पेल्याचा फोटो पाठवला. अंडाकृती फेस आणि खाली जर्दाळूच्या रंगाचे धुके. ताक ढवळूनच प्यायचे असते.

धूसर बिअरला नितळ करायचे असेल तर साधने पुष्कळ आहेत आणि त्यांची प्रकरणे पुढे आहेत. इथे फक्त तत्त्व सांगते, कारण ते आपल्या घरातले आहे. खेड्यात पावसाळ्याच्या पाण्याला निवळीचे बी लावत. माठाच्या आतल्या बाजूला ते उगाळायचे, वर पाणी भरायचे, सकाळी गाळ तळाशी. मातीच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. बियातले द्रव्य त्यांना एकत्र ओढते, गुठळी होते, गुठळी बसते. बिअरमध्ये हेच काम वेगवेगळी द्रव्ये करतात. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घालायचे आयरिश मॉस हे समुद्रशेवाळ ऋण भाराचे असते आणि धन भाराच्या प्रथिनांना ओढते. थंड बिअरमध्ये घालायचे जिलेटिन, किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेले आयसिंग्लास, उलट धन भाराचे असते आणि ऋण भाराच्या यीस्टला खाली नेते. शाकाहारी वाचकांनी या दोन नावांची नोंद घ्यावी. पॉलीफेनॉल काढायचे तर पीव्हीपीपी, धुके करणारी प्रथिने काढायची तर सिलिका जेल. आणि प्रोलिनजवळच प्रथिन कापणारे एक एन्झाइम क्लॅरिटी फर्म या नावाने मिळते. त्याने चिल हेझ होतच नाही. त्याने ग्लूटेनही कमी होते, पण सिलियाकचा आजार असलेल्या माणसाने त्या भरवशावर गव्हाची बिअर पिऊ नये, हे मी जोर देऊन सांगते. निवळीचे बी मी बिअरमध्ये कधी घातलेले नाही आणि कोणी घालावे असेही सुचवत नाही. ते पाण्यासाठी आहे.

यातले कोणतेही द्रव्य हाती घेण्याआधी धुके कशाचे आहे ते विचारायला हवे. मी ते विचारले नाही आणि 20 लिटर हेफेवाइत्सनमध्ये जिलेटिन सोडले, त्याला आता दहा वर्षे झाली. पाहुणे येणार होते, बिअर सुंदर दिसावी असे वाटत होते. तीन दिवसांत ती लख्ख झाली. पण तोंडात ती पातळ लागली. यीस्टबरोबर भरदारपणा गेला, बाटल्यांत गॅस धरायलाही दुप्पट दिवस लागले. केळीचा वास होता, पण त्याला टेकायला काही नव्हते. ती क्रिस्टालही नव्हती. क्रिस्टाल करणारा पहिल्यापासून क्रिस्टालसाठी माल्ट निवडतो, गॅस जास्त ठेवतो, आणि त्या चुरचुरीत, हलक्या पेल्याचीही एक शान आहे. माझी होती ती अंगावरचे कपडे काढून घेतलेली हेफे.

विटबिअरचा प्रांत वेगळा. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात एके काळी गव्हाच्या पांढऱ्या बिअरच्या अनेक ब्रूअरी होत्या, शेवटची 1950 च्या दशकात बंद पडली. पिएर सेलिस या गावातल्या दूधवाल्याने 1960 च्या दशकाच्या मध्यात ती बिअर पुन्हा सुरू केली, धणे आणि संत्र्याची वाळलेली साल घालून. तिच्यात गव्हाचे माल्ट नसते, कच्चा गहू असतो. गव्हाचा स्टार्च मॅशच्या तापमानाला शिजतो, म्हणून तांदळासारखा वेगळा शिजवावा लागत नाही. आणि तिथले पांढुरके तेज काही अंशी स्टार्चचेही असते, म्हणून घरी विट करणारे उकळीच्या शेवटी चमचाभर कणीक कालवून घालतात. विटमध्ये मी ते करते. हेफेमध्ये करू नये. स्टार्च यीस्टला खाता येत नाही, पण कोणी रानटी यीस्ट किंवा जिवाणू आत शिरला तर त्याला ते बसून खायला मिळते. अलीकडे आयपीए या हॉप्सप्रधान बिअरच्या धूसर प्रकाराची लाट आल्यापासून केवळ दिसण्यासाठी पीठ घालण्याचे सल्ले सर्रास मिळतात. धुके हे किण्वनाच्या पाठोपाठ आलेले असावे, वरून शिंपडलेले नसावे, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकन गव्हाच्या बिअरबद्दल या पुस्तकात एकच छोटे प्रकरण आहे. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या विडमर बंधूंनी 1986 मध्ये न गाळलेली गव्हाची बिअर हेफेवाइत्सन या नावाने दिली आणि त्या देशात हे नाव रुजले, पण तिचे यीस्ट शांत स्वभावाचे, केळी-लवंग नसलेले. धुके सारखे, वास वेगळा. नाव पाहून पाककृती निवडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

खरोखर बिघडलेली बिअर कशी ओळखायची, हे सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. पेला हातात धरून ऊब द्या. धुके विरले तर ते चिल हेझ, चवीला बाधा नाही. नाही विरले तर एक बाटली आठवडाभर फ्रिजमध्ये उभी ठेवा. तळाशी मळकट पांढरा थर आणि वर निवळ दिसली तर यीस्ट. थोडी बिअर बशीत घेऊन आयोडीनचा थेंब टाका, निळेजांभळे झाले तर स्टार्च, म्हणजे मॅशला वेळ कमी पडला. ती बशी नंतर ओतून द्यायची. आणि यातले काहीच लागू पडत नसेल, धुके रेशमी तारांसारखे हलत असेल, आंबट किंवा जुन्या लोण्यासारखा वास येत असेल, झाकण काढताच बिअर उसळून बाहेर येत असेल, तर ते जिवाणूंचे किंवा रानटी यीस्टचे काम. तिथे 'गढूळ' हाच शब्द बरोबर. ती ओतून द्यावी, नळ्या बदलाव्या, फर्मेंटरला ओरखडे पडले असतील तर तोही. लेस्टरच्या गृहस्थांना मी आधी वासच विचारला होता. "केळ्याचा," ते म्हणाले. मग ओतून टाकण्याचा प्रश्नच नव्हता.

पुस्तकातली पहिली पाककृती मुद्दाम साधी ठेवली आहे. 20 लिटरला अडीच किलो गव्हाचे माल्ट, दोन किलो पिल्सनर माल्ट, हॉप्स मोजके, 68 क्रमांकाचे यीस्ट, 18 अंशांवर दहा दिवस. ज्यांनी नाचणीचे सत्त्व घरी केले आहे, म्हणजे धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून पाहिले आहे, त्यांना माल्ट म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. भरलेल्या बाटल्यांपैकी एकीवर तारीख लिहा आणि ती सहा महिने थंड, अंधाऱ्या जागी उभी ठेवा. बाकीच्या ताज्या असतानाच संपवा, ही बिअर साठवणीची नाही. सहा महिन्यांनी ती एक बाटली न हलवता उजेडासमोर धरा, छापील कागद मागे ठेवा, अक्षरे किती वाचता येतात ते पाहा. मग निम्मी निवळ एका पेल्यात ओता, उरलेली साक्यासकट फिरवून दुसऱ्या पेल्यात ओता, आणि दोन्ही पेले घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देऊन आधी चव विचारा.